पायऱ्या उतरता येत नाहीत : एका छोट्या स्पर्धेच्या निकालाचं प्रकरण

नागपुरातल्या आमच्या मराठी टेक्स्ट ॲडव्हेंचर गेम्सच्या स्पर्धेचा निकाल लागला तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या नंबरात फरक होता ०.२ चा. एकाला ७.४, दुसऱ्याला ७.२. पाच जज, दहापैकी मार्क, अकरा गेम्स, आणि हिशोब ठेवणारा मी. म्हणजे एक्सेल माझ्याकडे, नियम मी लिहिलेले, आणि या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक पण माझीच, ते आधीच सांगून टाकतो, नंतर कोणी म्हणायला नको की लपवून राहिला.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेक्स्ट ॲडव्हेंचर म्हणजे चित्र नाही, आवाज नाही, फक्त मजकूर. गेम सांगतो तुम्ही कुठे उभे आहात, समोर काय आहे, आणि तुम्ही टाईप करता "दार उघड", "कंदील घे", "उत्तरेला जा". बस. विल क्राउथर नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने १९७५-७६ च्या सुमारास असा पहिला गाजलेला गेम लिहिला, त्याला स्वतःला गुहांमध्ये उतरायचा नाद होता म्हणून गेम पण गुहेत उतरायचाच, मग १९७७ ला डॉन वूड्सने तो वाढवला. नंतर धंदा आला, धंदा बसला, आणि हौशी लोकांनी हा प्रकार जिवंत ठेवला. १९९५ पासून दरवर्षी इंटरॅक्टिव्ह फिक्शन कॉम्पिटिशन होते, लोक तिला आयएफकॉम्प म्हणतात, आणि तिथे परीक्षक म्हणजे कोणी मोठा माणूस नाही, कोणीही खेळा आणि एक ते दहा मार्क द्या.

तर आपण पण नागपुरात मराठीतून असं काही करू, असं आम्ही सात-आठ जणांनी ठरवलं. धरमपेठेत एका वाचनालयाची वरची खोली रविवारी रिकामी असते, तिथे आम्ही जमतो. कोणी आयटीवाला, कोणी नाटकवाला, दोन-तीन इंजिनिअरिंगचे पोट्टे. नियम लिहायचं काम माझ्या गळ्यात आलं कारण मी आयएफकॉम्पचे गेम्स बरेच खेळलोय आणि बोलतो पण जास्त.

मी तिकडचे नियम घेतले, पण सोयीचे तेवढेच. आता मागे वळून पाहतो तर जे सोडले तेच महत्त्वाचे होते. तिकडे जजने मार्क द्यायचे ते पहिल्या दोन तासांच्या खेळावर, गेम कितीही मोठा असो. मी म्हटलं आपल्याकडे कोण दोन तास खेळतो, सोडा. तिकडे निदान पाच गेम्सना मार्क दिले तरच तुमची मतं मोजतात, मी म्हटलं आपले पाचच जज, सगळ्यांनी सगळे अकरा खेळायचे. तिकडे यादी प्रत्येक जजला वेगवेगळ्या क्रमाने लावून घेता येते, म्हणजे शेवटच्या गेमवर सगळ्यांचाच कंटाळा निघत नाही. आम्ही आलेल्या क्रमाने एकच पीडीएफ पाठवली. आणि तिकडे परीक्षण चालू असताना लेखकाला बग दुरुस्त करून नवी आवृत्ती टाकता येते. हे तर मी मुद्दाम काढलं, म्हटलं उगाच लफडी नकोत, एकदा दिलं ते दिलं.

एक मात्र हौसेने घेतलं. आयएफकॉम्पमध्ये गोल्डन बनाना ऑफ डिस्कॉर्ड नावाचं गमतीचं बक्षीस असतं, ज्या गेमच्या मार्कांमध्ये सगळ्यात जास्त फाटाफूट त्याला. कोणी दहा दिले, कोणी दोन. स्टँडर्ड डेव्हिएशन काढायचं, म्हणजे मार्क सरासरीपासून किती विखुरलेत त्याचा आकडा, ज्याचं जास्त तो जिंकला. मला हे फार आवडतं, कारण सगळ्यांना थोडं थोडं आवडणारं काहीतरी करण्यापेक्षा अर्ध्यांना वेड लावणारं काहीतरी करणं अवघड असतं. आम्ही त्याचं नाव ठेवलं "काळी-पिवळी". नागपूरच्या माणसाला सांगायला नको, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एक काळी मारबत, म्हणजे मिरवणुकीतला मोठा पुतळा, निघते, एक पिवळी, आणि सगळा महाल भाग रस्त्यावर.

अकरातले सात गेम ट्वाइनवर केलेले, म्हणजे टाईप करायचं नाही, लिंकवर टिचकी मारत पुढे जायचं. चार टाईप करायचे. आता टाईप करायचा गेम मराठीत लिहिणं म्हणजे काय दुखणं आहे ते एकदा सांगितलंच पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

इंग्रजीत "टेक लॅम्प" म्हटलं की झालं, लॅम्प हा लॅम्पच राहतो. मराठीत विहीर आहे, पण विहिरीत, विहिरीला, विहिरीजवळ. डबा आहे पण डब्यात. शब्दाला प्रत्यय लागायच्या आधी शब्दच बदलतो, सामान्यरूप म्हणतात त्याला, शाळेत पाठ केलं होतं आणि विसरलो होतो. त्यात क्रियापद शेवटी. त्यात घे, घ्या, उचल, उचला, पकड. दिशांची लघुरूपं केली तर उ म्हणजे उत्तर, प म्हणजे पश्चिम, मग "पाहा"ला काय ठेवणार. असे गेम लिहायची इन्फॉर्मसारखी तयार साधनं आहेत पण ती इंग्रजीच्या वाक्यरचनेवर बेतलेली, म्हणून आमच्या चारही जणांनी आपापला पार्सर, म्हणजे टाईप केलेलं वाक्य समजून घेणारा भाग, जावास्क्रिप्टमध्ये हाताने लिहिला. हे मला आजही भारी वाटतं.

त्यातला एक गेम विहिरीचा. लिहिणारा पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाचा पोट्टा, राहतो महालात. महालातला जुना वाडा, मागच्या अंगणात पायऱ्यांची विहीर, आजोबा जाताना काहीतरी खाली ठेवून गेलेत. मी स्वतः रात्री अकराला सुरू केला आणि दोन वाजता बंद केला. विहिरीत प्रत्येक टप्प्यावर तुम्ही वर पाहिलं की आभाळाचा तुकडा लहान होत जातो, आणि तो तुकडा किती लहान आहे त्यावरून तुम्हाला कळतं की परत वर यायला किती वेळ लागेल. म्हणजे वर्णन हेच घड्याळ. असं सुचायला डोकं लागतं.

दुसरा गेम ट्रॅव्हल्सचा. पुण्याहून नागपूरला येणारी रात्रीची बस, स्लीपर, शेजारच्या बर्थवर एक अनोळखी आजी, आणि सकाळी सहाला तुम्ही उतरेपर्यंत तिची गोष्ट तुम्हाला कळते किंवा कळत नाही, तुम्ही काय विचारता त्यावर. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका ताईने ट्वाइनमध्ये केलेला. नीटनेटका, कुठे अडकत नाही, शेवट गोड. मला विचाराल तर थोडा जास्तच गोड, पण मी जज नव्हतो.

जज पाच. एक दादा जो आयएफकॉम्पमध्ये कित्येक वर्ष मार्क देतोय. एक पुण्याचा आयटीवाला, मूळचा इथलाच. एक एकांकिका बसवणारा. एक इंजिनिअरिंगची मुलगी. आणि मॅडम. मॅडम म्हणजे रिटायर्ड मराठीच्या शिक्षिका, वाचनालयाच्या जुन्या सभासद, त्यांना मीच गळ घातली होती, कारण मला वाटायचं की सगळे जज गेम खेळणारेच असले तर भाषेकडे कोण पाहणार.

ट्रॅव्हल्सच्या गेमला आले ७, ८, ७, ८, ७. बेरीज ३७, सरासरी ७.४. विहिरीच्या गेमला ९, ९, ८, २, ८. बेरीज ३६, सरासरी ७.२. ते दोन मॅडमचे.

मी हे आकडे पाहिले तेव्हा पहिला विचार काय आला सांगू, की मॅडमना गेम झेपला नाही. खरं सांगतो. आणि निकाल जाहीर केला. डिसेंबरचा रविवार, थंडी, पंधरा-वीस लोक, टाळ्या वगैरे. पोट्ट्याने मान खाली घातली आणि टाळ्या वाजवल्या.

रात्री त्याचा फोन. "दादा, दोन मार्क देणाऱ्या जजचा ट्रान्स्क्रिप्ट पाहायला भेटंल का? नंबरसाठी नाही बोलून राहिलो. मले फक्त पाहायचं हाय का कुठं अडकले."

आता ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे जजने काय टाईप केलं आणि गेमने काय उत्तर दिलं याची पूर्ण नोंद, आम्ही सगळ्यांकडून मागवली होती. आलेल्या पण होत्या. मी एकही उघडली नव्हती. उघडली. मॅडमची नोंद चाळीस मिनिटांची होती, आणि त्यातली पस्तीस मिनिटं त्या एकाच जागी उभ्या होत्या. थोडा भाग देतो:

तुम्ही विहिरीच्या काठावर आहात. दगडी पायऱ्या खाली अंधारात उतरतात.
> पायऱ्या उतर
असं काही इथे दिसत नाही.
> पायऱ्यांवरून उतर
असं काही इथे दिसत नाही.
> पायऱ्यांनी खाली जा
असं काही इथे दिसत नाही.
> उतर
कशावरून उतरायचंय?
> पायऱ्यांवरून
असं काही इथे दिसत नाही.
> पायऱ्या पाहा
असं काही इथे दिसत नाही.

हे असं दोन पानं. पायरी उतर, दगडी पायऱ्या उतर, विहिरीच्या पायऱ्या उतर. मधेच एकदा "पायरी उतर"वर गेम म्हणतो "एक पायरी उतरून काय होणार, सगळ्या उतरा", आणि मॅडम लगेच "सगळ्या पायऱ्या उतर", आणि गेम परत तेच. शेवटची ओळ अशी आहे:

> बाळा, पायऱ्या तूच लिहिल्या आहेस
हे मला समजलं नाही.

मी हसलो आणि मग हसू थांबलं. कारण मीच माझ्या लॅपटॉपवर "पायऱ्या उतर" टाईप केलं तर गेम सरळ खाली गेला.

पोट्ट्याला नोंद पाठवली. तो म्हणे शक्यच नाही दादा, पायरीची सगळी रूपं यादीत हायेत. खरंच होती. त्याने वहीत हाताने लिहिलेली यादी मला दाखवली होती, एकेका नामाची नऊ-नऊ दहा-दहा रूपं, पायरी, पायरीवर, पायरीवरून, पायऱ्या, पायऱ्यांवर, पायऱ्यांवरून, पायऱ्यांनी, सगळं. मग त्याने मॅडमच्या नोंदीतला "पायऱ्या" उचलला, स्वतःच्या कोडमधला "पायऱ्या" उचलला, आणि दोन्हींची अक्षरं मोजायला लावली कॉम्प्युटरला. मॅडमच्या शब्दात एक अक्षर जास्त निघालं. न दिसणारं.

प्रकार असा आहे. "पायऱ्या"मधला तो अर्धा र, जो आडव्या रेघेसारखा दिसतो, तो मराठीत जपावाच लागतो, दऱ्या आणि दर्या वेगळे, आचाऱ्याला आणि आचार्याला वेगळे. पण कॉम्प्युटरमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे खाली टिंब असलेला वेगळा र आहे, त्याला हलन्त लावून पुढे य. दुसरं म्हणजे साधा र, हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं अदृश्य अक्षर, मग य. स्क्रीनवर दोन्ही एकच दिसतात, भिंग घेऊन बसलात तरी एकच. पण कोडच्या लेखी ते वेगळे शब्द, जसे कुत्रा आणि मांजर. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच अक्षर दोन तऱ्हांनी लिहिलेलं असेल तर एकसारखं करणं, चालवलं तरी हा फरक जात नाही, तो अदृश्य जॉइनर तिथेच बसून राहतो, तुम्हाला स्वतः लिहून काढावं लागतं की हा दिसला की त्याचा तो कर. मॅडमच्या घरी मुलाने बसवून दिलेला जुना कीबोर्ड दुसऱ्या तऱ्हेचा होता. पोट्ट्याने गेम ज्यांच्याकडून तपासून घेतला ते तिघं त्याचेच मित्र, तिघांच्या फोनवर एकच कीबोर्ड.

म्हणजे ज्या बाईंनी आयुष्यभर पोरांना सामान्यरूप शिकवलं त्यांनी प्रत्येक रूप बरोबर टाईप केलं, आणि ज्याने प्रत्येक रूप वहीत बरोबर लिहिलं त्याचा गेम त्यांना नाही नाही म्हणत राहिला.

आता माझी चूक. परीक्षणाच्या दुसऱ्या आठवड्यात मॅडमचा मला फोन आला होता. मी तेव्हा बर्डीवर होतो, व्हरायटी चौकात सिग्नलला, एका कानात हॉर्न. मॅडम म्हणाल्या, "अहो, त्या विहिरीच्या खेळात पायऱ्या उतरता येत नाहीत." आणि मी काय म्हणालो? "मॅडम, हिंट देता येत नाही, नियमात बसत नाही." मोठ्या ऐटीत. त्या म्हणाल्या बरं. आणि घरी जाऊन त्यांनी अजून पंधरा मिनिटं प्रयत्न केला, नोंदीत दिसतं ते.

या सगळ्या प्रकरणात मला शेवटी एकच गोष्ट सापडली आणि ती इथे आहे. टेक्स्ट ॲडव्हेंचरमध्ये कोडं आणि बग बाहेरून एकसारखे दिसतात. दार उघडत नाही, पायऱ्या उतरता येत नाहीत, हे कोडं पण असू शकतं, लेखकाने मुद्दाम घातलेलं, आणि तो नुसता फुटलेला कोड पण असू शकतो. क्रिकेटच्या गेममध्ये बॅट्समन हवेत तरंगला तर लहान पोरगं पण म्हणेल बग आहे. इथे तसं काही नाही. इथे "असं काही इथे दिसत नाही" हे उत्तर अगदी सभ्य मराठीत येतं आणि खेळणाऱ्याला वाटतं आपलंच डोकं चालेना. ग्रॅहम नेल्सन, ज्याने इन्फॉर्म बनवलं, त्याने नव्वदच्या दशकातच खेळाडूच्या हक्कांची एक यादी केली होती, त्यात हे होतंच की खेळाडूवर नेमका तोच शब्द टाईप करायची सक्ती नको, समानार्थी शब्द चालले पाहिजेत. पण समानार्थी सोडा, इथे तोच शब्द टाईप करूनही चालला नाही, हे त्या बिचाऱ्याच्या पण ध्यानात आलं नसतं.

तर पुढच्या रविवारी सकाळी आम्ही आयोजक आणि दोन जज, दादा आणि एकांकिकावाला, तर्री पोह्याच्या ठेल्यावर भेटलो. निकालाचं काय करायचं.

पहिला प्रस्ताव आला तो मॅडमचे दोन मार्क काढून टाका. मग विहिरीची सरासरी चौघांची, ८.५, सरळ पहिला. दुसरा, मॅडमना दुरुस्त गेम द्या, परत मार्क मागा. तिसरा दादाचा, की सगळ्यांचेच सगळ्यात वरचे आणि सगळ्यात खालचे मार्क उडवा, डायव्हिंगमध्ये करतात तसं. करून पाहिलं, तर्री पोह्याच्या कागदावरच, विहीर ८.३३, ट्रॅव्हल्स ७.३३. किंवा मध्यक घ्या, म्हणजे मार्क क्रमाने लावून मधला आकडा, विहीर ८, ट्रॅव्हल्स ७. कोणत्याही शहाण्या पद्धतीने मोजलं की विहीर पुढे. फक्त आम्ही जाहीर केलेल्या पद्धतीने मोजलं की मागे. एकांकिकावाला म्हणे दोघांना विभागून द्या, आमच्याकडे असंच मिटवतात.

आणि दादा एक वाक्य बोलला ज्यावरून खरी जुंपली. "पण बे, बाकी चौघांपैकी तिघांनी नुसतं 'खाली' टाईप केलं आणि उतरले. ज्याले 'खाली' टाईप करायचं सुचत नाही त्याले जज काऊन केलं?"

हे खरं होतं. "खाली" म्हटलं की गेम उतरायचा. सरावलेला खेळाडू पायऱ्या पाहिल्या की हात न थांबवता "खाली" दाबतो, त्याला पायऱ्या दिसतच नाहीत, त्याला दिशा दिसते. मॅडमना दिशा नाही, पायऱ्या दिसल्या, कारण लेखकाने पायऱ्या लिहिल्या होत्या. मला विचाराल तर मॅडम त्या गेमच्या जास्त चांगल्या वाचक होत्या. त्या मजकूर वाचत होत्या, बाकीचे नकाशा वाचत होते. आणि मराठीत हा प्रकार रुजवायचा असेल तर येणारा प्रत्येक नवा माणूस पायऱ्याच टाईप करणार आहे. दादाशी माझं यावर आजपर्यंत पटलेलं नाही, तो म्हणतो परीक्षकाला विषयाची किमान ओळख पाहिजे, आणि त्याच्या म्हणण्यात काहीच नाही असं मी म्हणत नाही.

निकाल बदलायला मात्र मी नाही म्हटलं, आणि त्याचं कारण असं की प्रत्येक प्रस्ताव आम्ही आकडे पाहून झाल्यावर आणत होतो. मध्यक चांगली पद्धत आहे हे मला मान्य, पाचच जज असताना तर सरासरीपेक्षा नक्की चांगली, एक माणूस चिडला की सगळं हलतं. पण ती चांगली आहे म्हणून नाही, तर विहीर जिंकते म्हणून आम्हाला आठवली. ट्रॅव्हल्सवाल्या ताईने आम्ही छापलेल्या नियमांवर गेम पाठवला होता, तिला फोन करून काय सांगायचं, की ताई आमचं गणित आम्हाला आवडलं नाही? आणि मॅडमचे मार्क काढायचे तर मग बाकीच्या दहा गेम्समध्ये कोण कुठे अडकलं ते पण पाहा, सगळ्या नोंदी वाचा, आणि मी त्या नंतर वाचल्या, दोन छोटे बग अजून निघाले, त्यातला एक तर ट्रॅव्हल्सच्या गेममध्येच होता, एक लिंक काही फोनवर दोनदा दाबावी लागायची. म्हणजे तिचे पण मार्क गेले असतील कुठेतरी अर्धा-पाव.

शेवटी निकाल तोच ठेवला, सगळे मार्क जजच्या नावाशिवाय जाहीर केले, आणि खाली एक परिच्छेद लिहिला की दुसऱ्या क्रमांकाच्या गेममधले दोन मार्क का आले, त्यात आयोजकाला आधी कळवलं होतं आणि आयोजकाने ऐकलं नाही. आयोजक म्हणजे मी. हे लिहिताना जरा जड गेलं. ताईने वाचून मेसेज केला, "मग खरा पहिला तोच ना?" मी तिला लिहिलं की आमच्या नियमांनी तूच, आणि नियम आमचे वाईट होते, तुझा गेम नाही. ती यावर काही बोलली नाही. मला वाटतं तिचा आनंद थोडा कमी झाला आणि त्याला पण आम्हीच जबाबदार.

मग काळी-पिवळीचा घोळ. ते बक्षीस आम्ही निकालाच्या दिवशी राखून ठेवलं होतं, पुढच्या बैठकीत द्यायचं म्हणून. विहिरीचं स्टँडर्ड डेव्हिएशन २.६४, अकरात सगळ्यात जास्त. त्याच्या मागे सावजी खानावळीचा एक गेम, १०, ४, ९, ४, ६, म्हणजे २.५०. तो गेम खरंच काळी-पिवळी होता, त्यात तुम्ही आचारी असता आणि पूर्ण गेमभर फक्त एकच रस्सा बनवता, दोघांना वाटलं याहून भारी काही नाही, दोघांना वाटलं हा काय टाइमपास आहे. पण नियमाने बक्षीस विहिरीला. आम्ही खूश, चला, पोट्ट्याला काहीतरी तर मिळालं.

पोट्टा म्हणाला नको.

"दादा, तुम्हीच सांगितलं ना का हे मतभेदासाठी हाय. माझ्या गेमवर मतभेद कुठं झाला? मॅडमनं गेम पाहिलाच नाही. काठावर उभ्या होत्या त्या. हे कीबोर्डचं डेव्हिएशन हाय, मताचं नाही."

एकोणीस वर्षांच्या पोराने मला स्टँडर्ड डेव्हिएशन शिकवलं. आकडा फाटाफूट दाखवतो, फाटाफूट कशाची ते दाखवत नाही. दहा आणि चार देणाऱ्या दोघांनी एकच गोष्ट पाहिली आणि वेगळं मत दिलं. नऊ आणि दोन देणाऱ्यांनी दोन वेगळ्या गोष्टी पाहिल्या होत्या. त्याने बक्षीस सोडलं म्हणून नियमाप्रमाणे पुढच्याला गेलं, सावजीवाला घेऊन नाचला.

बक्षिसं आयएफकॉम्पच्या जुन्या पद्धतीने होती, लोकांनी दिलेल्या वस्तू टेबलावर मांडायच्या आणि क्रमाने एकेकाने उचलायच्या. ताईने हेडफोन घेतले, बसमध्ये कामाला येतील म्हणून. मग पोट्ट्याची पाळी, संत्रा बर्फीचे डबे, पुस्तकांचा गठ्ठा, एका दात्याने दिलेला वापरलेला मेकॅनिकल कीबोर्ड. त्याने कीबोर्ड उचलला. म्हणे "याच्यावर तो दुसरा र येते का पाहतो."

या वर्षीसाठी नियम बदललेत. जज अडकला की आधी आयोजकाला नोंद पाठवायची, आयोजकाने ती स्वतः चालवून पाहायची आणि दोनच उत्तरं द्यायची, "गेम बरोबर आहे" किंवा "थांबा, दुरुस्त होऊन येतो". त्यापलीकडे हिंट नाही. दुरुस्ती परीक्षण चालू असताना चालेल. यादी प्रत्येकाला वेगळ्या क्रमाने. दोन तासांची मर्यादा. टाईप करायच्या गेमला निदान तीन वेगवेगळ्या कीबोर्डवर तपासणारे लोक, आणि त्यांची नावं गेममध्येच दिलेली, जशी तिकडे देतात. सरासरी की मध्यक यावर अजून भांडण चालू आहे पण यावेळी गेम यायच्या आधी भांडतोय. पोट्ट्याने त्या अदृश्य जॉइनरचा बंदोबस्त करणारा सात ओळींचा कोड सगळ्यांना वाटून टाकलाय.

आणि मॅडम. त्यांना दुरुस्त गेम पाठवला होता, मार्कांसाठी नाही, असाच. महिनाभर काही नाही. मग फेब्रुवारीत एका रात्री साडेनऊला फोन.

"उतरले मी खाली."

"अरे वा मॅडम!"

"खाली अंधार आहे. कंदील पेटत नाही."

मी जेवत होतो. हात धुतला, लॅपटॉप उघडला, म्हटलं तुम्ही काय काय टाईप केलं ते क्रमाने सांगा. त्यांनी सांगितलं, मी तसंच टाईप करत गेलो, त्यांच्या जागी जाऊन पोचलो, "कंदील पेटव". गेम म्हणाला काडेपेटी ओली आहे.

"मॅडम, गेम बरोबर आहे."

"म्हणजे मीच चुकतेय?"

"हो."

"बरं मग, ठेवा फोन," मॅडम म्हणाल्या, आणि मी ठेवायच्या आधी त्यांनीच ठेवला.